घर नाकारलं, तर कलम कोणतं?

सल्ला केंद्रात येणारा माणूस पिशवीतले कागद टेबलावर काढतो आणि आधी एवढंच विचारतो, "ताई, यात कलम लागतंय का?" भेदभावाविरुद्धचा कायदा कुठेतरी तयार आहे, ताईंना त्याचा नंबर तेवढा ठाऊक असला पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत असते. संविधानात कलम १४ पासून १७ पर्यंत समतेचा पाया घातलेला आहे, हे खरंच. पण 'भेदभावविरोधी अधिनियम' अशा नावाचा, सगळ्यांना सगळीकडे लागू होणारा एक कायदा या देशात नाही. आहेत ते तुकडे. काही संसदेने केलेले, काही राज्याच्या विधिमंडळाने, काही तर जुन्या मुंबई राज्याच्या काळातले. एखादा जातीपुरता, एखादा आजारापुरता, एखादा अपंगत्वापुरता.

मी वकील नाही. एका जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या केंद्रात अर्ज लिहून देणं, आणि प्रकरण वकिलांकडे जाण्याआधी त्याला लागू होईल तो कायदा शोधून ठेवणं, हे माझं काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते कारकुनी वाटतं. पण पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार "यात गुन्हा होत नाही" म्हणतो तेव्हा समोर ठेवायला नेमकं कलम हाताशी असेल तर बोलणं वेगळ्या वळणाने जातं, हे मी पाहत आले आहे.

घराचंच उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे ते सारखं येतं. फ्लॅट भाड्याने घ्यायचाय. दलालाने दाखवला, भाडं आणि डिपॉझिट ठरलं, टोकन द्यायचं तेवढं राहिलं, आणि नाव, आडनाव, आधार कार्ड पाहिल्यावर मालकाचा निरोप आला, "आम्हाला द्यायचा नाही." आता कलम कोणतं?

भाडेकरू अनुसूचित जातीचा असेल आणि नकारामागे अस्पृश्यतेची भावना असेल, तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ काढायचा. त्याच्या कलम ४ मध्ये दुकान, हॉटेल, पाणवठा यांच्या यादीतच कोणत्याही वस्तीत राहती जागा घेणं आणि तिथे राहणं येतं. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा वाचून लोक हसतात. पण याच कायद्याचं कलम १२ फार मोलाचं आहे. अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते.

भाडेकरू एचआयव्हीबाधित असेल आणि त्यावरून घर नाकारलं असेल, तर २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम. त्याच्या कलम ३ मध्ये घर घेणं, भाड्याने राहणं याचा स्पष्ट उल्लेख आहे. भाडेकरू तृतीयपंथी असेल तर २०१९ चा उभयलिंगी व्यक्तींच्या हक्कांचं संरक्षण करणारा अधिनियम. त्याच्याही कलम ३ मध्ये राहण्याचा, विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा हक्क नमूद आहे.

आणि भाडेकरू मुसलमान असेल, एकटी राहणारी बाई असेल, किंवा मटण-मासे खाणारं कुटुंब असेल तर? तर खासगी घरमालकाच्या नकाराला सरळ लागू होणारं कलम मला आजवर सापडलेलं नाही, कारण तसं कलमच नाही. संविधानाचं कलम १५(१) सरकारवर बंधन घालतं. कलम १५(२) खासगी माणसालाही लागू होतं, पण ते दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांपुरतं. खासगी घराचं दार त्यात बसत नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा 'सभासद फक्त पारशीच' हा उपविधी वैध ठरवला.

फ्लॅट तोच आणि मालकही तोच. तरी एकाला फौजदारी कायदा मिळतो, दुसऱ्याला विशेष अधिनियम आणि तिसऱ्याला काहीच नाही. कायदा शोधायचा म्हणजे काय, ते या एका उदाहरणात सगळं येतं. नुसतं काय घडलं ते सांगून कलम सापडत नाही.

म्हणून आमच्याकडे अर्ज लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर चार प्रश्न लिहिले जातात. कुणी केलं? कशावरून केलं? कुठे केलं? केव्हा केलं? माणूस बोलत राहतो, आपण त्याचं बोलणं या चार रकान्यांत उतरवत जायचं. चारही रकाने भरले की निम्मं काम झालं. एकही रिकामा राहिला तर कपाटभर बेअर अॅक्ट असून उपयोग नाही.

जातपंचायतीने वाळीत टाकलेलं एक कुटुंब आमच्याकडे आलं, तेव्हा हा कागद कसा भरत गेला ते सांगते. मुलाने जातीबाहेर लग्न केलेलं. वडील म्हणाले, "ताई, अॅट्रॉसिटी टाकायची आहे." गावात तो शब्द सगळ्यांना माहीत असतो. 'कुणी केलं' या रकान्यात त्यांच्याच जातीच्या पंचांची नावं आली. 'कशावरून' मध्ये आलं, जातीचा नियम मोडला म्हणून. इथेच अॅट्रॉसिटी गळाली. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या कलम ३ ची सुरुवातच अशी आहे की गुन्हा करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे, आणि ज्याच्यावर झाला तो असला पाहिजे. हे कुटुंब भटक्या जमातीतलं. महाराष्ट्रातला विमुक्त जाती-भटक्या जमाती हा प्रवर्ग राज्याचा आहे. तो अनुसूचित जातीत मोडत नाही, जमातीतही नाही. म्हणजे पंच पहिल्या अटीत बसत होते, पण हे कुटुंब दुसऱ्या अटीत बसत नव्हतं.

वडिलांचा चेहरा पडला. पण 'कुठे' या रकान्यात महाराष्ट्र लिहिलेलं होतं, आणि त्यातूनच वाट निघाली. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. मुंबई प्रांताचा जुना, पुढे घटनाबाह्य ठरलेला कायदा सोडला तर असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव चालवलेल्या मोहिमेचा त्यामागे मोठा वाटा आहे. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग वडिलांना पुन्हा पहिल्यापासून बोलायला सांगितलं, पण आता प्रत्येक वाक्यापाशी थांबत. "लग्नाचं आवतण बंद केलं." कलम ३ च्या यादीत लग्न, अंत्यविधी, सामुदायिक कार्यक्रम यांत भाग घ्यायला अडथळा करणं आहे, समासात पेन्सिलीने खूण केली. "समाजमंदिराची किल्ली देत नाहीत." सामुदायिक सभागृहाचा वापर नाकारणं, दुसरी खूण. "आमच्याशी कुणी बोलायचं नाही, देवघेव करायची नाही, असं सांगितलंय." सामाजिक आणि व्यापारी संबंध तोडायला लावणं, तिसरी. "दंड मागितला." इथे मात्र थांबून विचारावं लागलं, कुणी मागितला? किती? तेव्हा तिथे आणखी कोण होतं? बैठक कुणाच्या ओट्यावर भरली? वडिलांनी सगळं सांगितलं. जवळ बसलेल्या सुनेने तारीख सांगितली. ती तिच्या लक्षात होती, कारण त्या दिवशी तिच्या बाळाला डोस द्यायचा होता.

असं सगळं उतरलं की अर्जाची भाषा आपोआप बदलते. 'आम्हाला वाळीत टाकून आमच्यावर घोर अन्याय केला आहे' या वाक्यावर पोलीस काही करू शकत नाहीत. 'अमुक तारखेला अमुक जणांनी अमुक ठिकाणी बैठक घेऊन आमच्या कुटुंबाशी व्यवहार करू नये असं जाहीर केलं' यावर करावंच लागतं. याच अधिनियमात पीडिताला पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायची मुभा आहे, आणि बहिष्कार टाकण्यासाठी जमाव जमणार असेल तर तो आदेश काढून रोखण्याचे अधिकार जिल्हा प्रशासनाला आहेत. ही माहिती बहुतेक गावांत पोचलेली नसते.

आता हा कायदा शोधताना होणारी एक गंमत. त्याच्या नावात २०१६ आहे, पण अनुक्रमांक २०१७ चा आहे. राष्ट्रपतींच्या संमतीला वेळ लागला आणि क्रमांक पुढच्या वर्षाचा पडला. राजपत्रांच्या २०१६ च्या यादीत शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीचंही तेच. नाव २०१५ चं, क्रमांक २०१६ चा १, आणि अंमल २६ जानेवारी २०१६ पासून. म्हणून आमच्या वकीलसाहेबांचा दंडक आहे की कायद्याचं नाव मिळालं म्हणून हुरळून जायचं नाही. आधी कलम १ वाचायचं.

कलम १ कुणी वाचत नाही. त्यात नाव असतं, तो कुठे लागू आहे ते असतं, आणि कधीपासून ते असतं. बहुतेक वेळा तारीख नसतेच. शासन राजपत्रात अधिसूचना काढून नेमून देईल त्या दिवसापासून, एवढंच लिहिलेलं असतं. मग ती अधिसूचना शोधायची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाला संमती मिळाली डिसेंबर २०१६ मध्ये, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. एचआयव्ही कायदा मंजूर झाला एप्रिल २०१७ मध्ये, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. वेतन संहितेने तर कडी केली. २०१९ मध्ये मंजूर झालेली ही संहिता लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तोपर्यंत स्त्री-पुरुषांना समान वेतनासाठी १९७६ चाच समान वेतन अधिनियम चालू होता. मधल्या सहा वर्षांत कुणी अर्जात संहितेचं कलम टाकलं असतं तर तो अर्ज पहिल्याच टेबलावर अडला असता.

कुठे लागू, हाही प्रश्न वाटतो तितका साधा नाही. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा जम्मू-काश्मीर वगळून होता. तो तिथे पोचला २०१९ मध्ये. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला आणि भारतीय कायदे तिथे नंतर एकेक करून लागू करावे लागले. आपल्याकडेही १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. त्याआधीचा मुंबईचा कायदा औरंगाबादला किंवा अमरावतीला आपोआप लागू झाला असं धरून चालता येत नाही; विस्ताराचं कलम पाहावं लागतं.

तारखेचा प्रश्न किती जिवावर बेतू शकतो, ते अॅट्रॉसिटी कायद्याच्या एका कलमात दिसतं. २० मार्च २०१८ ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या महाजन प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागेल. देशभर आंदोलनं झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून दोन्ही अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने पुनर्विचारात आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला नवं कलम वैध ठरवलं. दोन वर्षांच्या आत एकाच प्रश्नाची उत्तरं एवढ्यांदा फिरली. आजही एखादा अधिकारी "आधी चौकशी करतो, मग बघू" म्हणतो, तेव्हा तो मार्च २०१८ मध्ये अडकलेला असतो. त्याच्यापुढे कलम १८-अ ची प्रत ठेवायची, वाद घालायचा नाही.

याच कायद्याचं कलम ३(१) एकदा तरी सबंध वाचावं, असं मी प्रत्येक कार्यकर्त्याला सांगते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यातली यादी बरीच वाढली. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटरसायकल चालवू न देणं, चपला किंवा नवे कपडे घालू न देणं, लग्नाची वरात काढू न देणं, वरातीत घोड्यावर बसू न देणं, हे सगळं कलम ३(१)(झेडए) मध्ये शब्दशः आलेलं आहे. दवाखाना, दुकान, शाळा, देऊळ यांत शिरू न देणंही. ही यादी कुणी कल्पनेने रचलेली नाही. गावोगाव घडलेल्या प्रसंगांतूनच ती आली आहे. त्यामुळे वाचून दाखवली की समोरचा माणूस चमकून म्हणतो, "हे तर आमच्याकडे झालंय, पण त्याला गुन्हा म्हणतात हे माहीत नव्हतं." जातिवाचक शिवीगाळीच्या बाबतीत मात्र 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीच हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून 'कुठे' या रकान्यात नुसतं गावाचं नाव लिहून चालत नाही. ओटा की माजघर, दार उघडं होतं की बंद, तिथे आणखी कोण होतं, हे लिहावं लागतं.

राज्याचे कायदे शोधणं केंद्राच्या कायद्यांहून अवघड जातं. केंद्राचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर दुरुस्त्यांसह बऱ्यापैकी मिळतात. खालच्या बारीक टिपांत कोणता शब्द कोणत्या दुरुस्तीने कधी आला ते दिलेलं असतं, आणि आम्ही त्या टिपाच आधी वाचतो. राज्याचे अधिनियमही तिथे आहेत, पण नियम, अधिसूचना, शासन निर्णय यांच्यासाठी राजपत्र आणि खात्यांची संकेतस्थळं पालथी घालावी लागतात. त्यात नावांचा गोंधळ. २०१२ मध्ये राज्याच्या शेकडो जुन्या कायद्यांच्या नावांतलं 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घालण्यात आलं. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ झाला महाराष्ट्र पोलीस अधिनियम. जुना निकाल जुन्या नावाने बोलतो, नवी प्रत नव्या नावाने. दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

असा जुना कायदा शोधून काढल्याने काय होतं, ते २०१६ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर महिलांना जाऊ द्यायचं की नाही यावरून रान पेटलं होतं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि तिच्यात आधार घेतला हिंदू सार्वजनिक उपासनास्थळ प्रवेशाच्या १९५६ च्या कायद्याचा. तो मुळात दलितांना मंदिरं खुली व्हावीत म्हणून झालेला. पण त्याचे शब्द असे की कोणत्याही वर्गाच्या हिंदूला अशा ठिकाणी जाण्यापासून अडवता येणार नाही, आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. स्त्रिया त्यातून वगळलेल्या नव्हत्या. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने सरकारला हा कायदा पाळला जाईल हे पाहायला सांगितलं. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने महिलांना प्रवेश खुला केला. साठ वर्षं हा कायदा पुस्तकात होता. कुणीतरी तो उघडायचा तेवढा राहिला होता.

प्रत्येक जुना कायदा मात्र असा कामाला येत नाही. बहिष्काराविरुद्ध मुंबई प्रांताने १९४९ मध्येच कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्मगुरूने अनुयायाला समाजाबाहेर काढणं हा त्या पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग आहे, असं बहुमताचं मत पडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल पुन्हा तपासण्यासाठी मोठ्या पीठाकडे पाठवला. म्हणजे कायदा छापील मिळाला तरी तो जिवंत आहे की नाही, हे वेगळं तपासायचं.

काही कायदे तर भेदभावाचं नाव न घेता उपयोगी पडतात. सहकारी सोसायटीत फ्लॅट विकत घेतला आणि सोसायटी सभासद करून घेत नाही, हा नेहमीचा प्रकार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असं आहे आणि निबंधकाकडे दाद मागता येते. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी याच अधिनियमात १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं, तेव्हा आता दोन्ही मिळून वाचायचं. इथे जात-धर्माबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. सोसायटीने 'पुरेसं कारण' सांगावं, एवढंच म्हणायचं. खरं कारण कागदावर लिहायला सहसा कुणी धजत नाही.

कलम सापडल्यावर पुढचा प्रश्न, जायचं कुणाकडे? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात याची सोय चांगली आहे. खासगी कंपन्यांसकट प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. नोकरीत डावलल्याची तक्रार घेऊन दृष्टिदोष असलेला एक तरुण आमच्याकडे आला, तेव्हा पहिलं काम त्या कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण शोधायचं केलं. ते नव्हतं. तक्रारीचा पहिला मुद्दा तिथेच तयार झाला. असे अर्ज राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जातात. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अॅट्रॉसिटीत तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. एचआयव्हीच्या बाबतीत राज्याने लोकपाल नेमायचा आहे. दार प्रत्येक कायद्याचं वेगळं, आणि चुकीच्या दारी गेलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

एवढी पायपीट टाळता येणार नाही का? ब्रिटनने २०१० मध्ये समान वेतन, लिंग, वंश, अपंगत्व यांवरचे आपले सुटे कायदे एकत्र करून समता कायदा केला. नऊ कारणं एका यादीत आणली. उत्तर आयर्लंडचे कायदे तरीही वेगळेच राहिले. आणि त्या नऊ कारणांत 'जात' नाही. २०१४ च्या एका निकालाने ती वांशिक मूळ या कारणाखाली येऊ शकते एवढी वाट ठेवली. अमेरिकेत सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेलं तसंच विधेयक गव्हर्नरने परत पाठवलं, कारण सध्याच्या कायद्यातल्या कारणांत जात येतेच असं त्यांचं म्हणणं. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनाही म्हणजे हेच करावं लागतं. शहराचा कायदा, राज्याचा, देशाचा, असं एकेक पाहत जायचं.

आपल्याकडे सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग नेमावा अशी शिफारस केली. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी व समता विधेयक खासगी विधेयक म्हणून लोकसभेत आणलं. दोन्हींतून काही झालं नाही. माझं मत विचाराल तर एकत्रित कायदा हवाच, आणि तो हवा त्या तिसऱ्या भाडेकरूसाठी, ज्याला आज आम्ही "कलम नाही" असं सांगून परत पाठवतो. अॅट्रॉसिटीसारखे विशेष कायदे मात्र त्यात विरघळवू नयेत. त्यांच्यामागचा अनुभव वेगळा आहे आणि त्यांची धारही वेगळी आहे.

कायदा झाला म्हणजे काम झालं, या भ्रमात महाराष्ट्राने तरी राहू नये. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. कागदावर हक्क होता; तो हाती घेऊन तळ्यापर्यंत जाणारी माणसं निघाली म्हणून तो खरा झाला.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. असा प्रसंग तुमच्यावर किंवा शेजारच्यावर आला तर कलम शोधत बसू नका. त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: कुणी, कशावरून, कुठे, केव्हा, आणि तिथे हजर कोण होतं. निरोपाचे मेसेज पुसू नका. मग जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक १५१००. अनुसूचित जाती-जमातीवरच्या अत्याचारासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी वेगळी आहे, क्रमांक १४५६६.